हाय-रिझोल्यूशन ऑडिओ डिस्कच्या प्रती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी स्वतःच्या पैशाने एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ किंवा ब्लू-रे ऑडिओ डिस्क घेतल्या आणि आता प्लेयर थकायला लागल्यामुळे त्यांचं पुढे काय करायचं या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे पान आहे. गाणी फुकट मिळवण्याचे मार्ग इथे सापडणार नाहीत. माझं मत आधीच सांगतो. या डिस्कवरची कुलपं एका ठरावीक काळातल्या भीतीपोटी घातली गेली. तो काळ सरला, त्यातला एक फॉरमॅट बंद पडला, आणि आता त्या कुलपांचा जाच होतो तो फक्त डिस्क विकत घेणाऱ्याला. म्हणून प्लेयर चालू आहे तोवरच डिस्कवर जे आहे ते जसंच्या तसं उतरवून ठेवावं, आणि उतरवताना आपण नेमकं काय उतरवतोय हे नीट समजून घ्यावं.

कोणकोणत्या डिस्कबद्दल हे आहे?

मुख्यतः तीन. पहिली एसएसीडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडी. ही सोनी आणि फिलिप्सने १९९९ साली आणली. तिच्यातला आवाज डीएसडी पद्धतीचा असतो: एका चॅनेलसाठी सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० एक-बिटी नमुने. दुसरी डीव्हीडी-ऑडिओ. तिचे निकषही १९९९ चेच, पण डिस्क बाजारात आल्या त्या पुढच्या वर्षी. हिच्यात नेहमीचा, म्हणजे सीडीवर असतो तशाच जातीचा, पीसीएम आवाज असतो, स्टीरिओला २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत. तिसरी ब्लू-रे ऑडिओ, जी बरीच नंतरची. डीटीएस सीडी आणि एचडीसीडी यांना संरक्षण नसतं. त्या नेहमीच्या सीडीसारख्या कॉपी होतात, म्हणून त्यांचा विषय इथेच संपला.

मी एसएसीडी कॉम्प्युटरमध्ये घातली, सगळे ट्रॅक दिसले आणि कॉपीही झाले. मग अडचण कसली?

तुम्ही कॉपी केलीत ती सीडी. बहुतेक एसएसीडी हायब्रिड असतात, म्हणजे एकाच डिस्कमध्ये दोन थर. लेबलच्या बाजूला नेहमीचा सीडीचा थर असतो, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झचा. त्याच्या अलीकडे, डिस्कच्या साधारण मध्यावर, एसएसीडीचा दाट थर असतो. हा दाट थर सीडीच्या ७८० नॅनोमीटर लेसरला आरपार जाऊ देतो आणि डीव्हीडीच्या ६५० नॅनोमीटर लेसरला परावर्तित करतो. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला सीडीचा थर दिसला, त्याने तोच वाचला आणि तुम्हाला कसली सूचनाही दिली नाही. कॉपी झालेल्या फाइलला पुढे '२४ बिट' करून ठेवलं तरी तिच्यात नवीन काही येत नाही.

जी एसएसीडी हायब्रिड नाही ती त्याच ड्राइव्हमध्ये घालून पाहा. ड्राइव्ह थोडा वेळ फिरेल, घुटमळेल आणि डिस्क रिकामी आहे किंवा ओळखता येत नाही असं सांगेल. डिस्क खराब झालेली नसते. घरगुती कॉम्प्युटरच्या ड्राइव्हने एसएसीडीचा थर वाचायचाच नाही, असंच ठरवलेलं होतं.

एसएसीडीचं संरक्षण नेमकं असतं तरी कसं?

एकावर एक असे अनेक पहारे आहेत, आणि ते समजले की पुढचं सगळं समजतं.

सगळ्यात आत, आवाजाचा डेटा ८० बिटच्या किल्लीने कूटबद्ध केलेला असतो. ही किल्ली उघडण्यासाठी लागणारी माहिती एखाद्या फाइलमध्ये लिहिलेली नसते. ती डिस्कवरच्या सूक्ष्म खड्ड्यांच्या रुंदीत केलेल्या बारीक बदलांमध्ये दडवलेली असते. साधा डीव्हीडी ड्राइव्ह खड्डा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो एवढंच पाहतो. रुंदीतला बदल टिपण्यासाठी वेगळी यंत्रणा लागते, आणि ती फक्त परवाना घेतलेल्या प्लेयरमध्येच बसवली जायची. साहजिकच डिस्कवरचा प्रत्येक बिट जशाचा तसा दुसऱ्या डिस्कवर लिहिता आला असता तरी ती नक्कल वाजली नसती, कारण घरच्या रायटरला खड्ड्याची रुंदी बदलता येत नाही.

दुसरा पहारा प्लेयरच्या मागच्या बाजूला. ऑप्टिकल आणि कोअॅक्सिअल सॉकेटमधून एसएसीडीचा आवाज बाहेर पडत नाही, त्यातून मिळतो तो सीडीच्या थराचाच. सुरुवातीची कित्येक वर्षं मल्टिचॅनेल ऐकायचं तर सहा अॅनालॉग वायरी जोडाव्या लागत. पुढे आय-लिंक या डिजिटल वायरीतून डीएसडी बाहेर आला, तोही डीटीसीपी या पद्धतीने कूटबद्ध होऊन. २००५ साली एचडीएमआयच्या १.२ आवृत्तीत डीएसडीची सोय झाली आणि तिथे एचडीसीपी या आणखी एका कूटबद्धतेचा पहारा बसला.

म्हणजे डिस्क, ड्राइव्ह आणि वायर, तिन्ही बंद. सीडीच्या वेळी झालेली चूक, म्हणजे डिस्क संरक्षणाशिवाय सोडण्याची, पुन्हा करायची नाही असा निश्चय केलेल्या लोकांनी ही रचना केली, आणि तांत्रिकदृष्ट्या ती भक्कम होती. कुठलाही विद्यार्थी सुट्टीत फोडेल अशी ती नव्हती.

मग लोकांनी एसएसीडीच्या प्रती काढल्या कशा?

किल्ली कोणी फोडली नाही. जे उपकरण डिस्क उघडायला अधिकृतपणे शिकलेलं होतं, त्याच्याकडूनच ती उघडून घेतली.

२००६ साली आलेल्या प्लेस्टेशन ३ च्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये एसएसीडी वाजत असे. म्हणजे एका सर्वसाधारण प्रोग्राम चालवू शकणाऱ्या यंत्रात, कदाचित पहिल्यांदाच, खड्ड्यांची रुंदी वाचणारा ड्राइव्ह बसला होता. २०१० च्या डिसेंबरमध्ये बर्लिनला हॅकरांच्या केऑस कम्युनिकेशन परिषदेत त्या यंत्राच्या सही-पद्धतीतली, म्हणजे प्रोग्राम सोनीनेच मंजूर केलेला आहे हे तपासणाऱ्या पद्धतीतली, ढोबळ चूक जाहीर झाली. दर वेळी नवी असायला हवी ती यादृच्छिक संख्या सोनीने प्रत्येक वेळी तीच वापरली होती. त्यानंतर काही आठवड्यांतच स्वतः लिहिलेले प्रोग्राम त्या यंत्रावर चालवणं शक्य झालं, आणि २०११ मध्ये एसएसीडी उतरवणारा प्रोग्राम आला. तो ड्राइव्हशी रीतसर ओळख पटवतो, डेटा उलगडून घेतो आणि स्पीकरकडे पाठवण्याऐवजी फाइलमध्ये लिहितो.

पुढे काही ब्लू-रे प्लेयरमध्येही अशीच वाट सापडली. ओप्पो, पायोनियर, केंब्रिज ऑडिओ यांच्या मीडियाटेक चिपवर चालणाऱ्या काही मॉडेलमध्ये कारखान्यातल्या तपासणीसाठी ठेवलेली सोय तशीच राहून गेली होती. तिचा उपयोग करून घरच्या नेटवर्कवरून डिस्क कॉम्प्युटरकडे उतरवता येते. हा मार्ग जास्त सोपा असल्यामुळे आज बहुतेक लोक तोच धरतात.

कुठलंही जुनं प्लेस्टेशन ३ चालतं का?

नाही. एसएसीडीची सोय सुरुवातीच्या मॉडेलमध्येच होती, पुढच्या मॉडेलमधून ती काढली. शिवाय यंत्राचं सॉफ्टवेअर ३.५५ किंवा त्याआधीचं असावं लागतं, किंवा त्या पातळीवर परत आणता यावं लागतं. जुनं यंत्र कोणी विकत असेल तर ही दोन्ही माहिती आधी विचारा. आणि ही यंत्रं आता वयस्कर झाली आहेत, त्यामुळे ड्राइव्हचा लेसर कितपत शाबूत आहे हेही पाहून घ्या.

डीव्हीडी-ऑडिओचं संरक्षण कसं होतं?

त्याची कथा उशिराने सुरू होते, अक्षरशः. या डिस्कसाठी डीव्हीडी-व्हिडिओच्या सीएसएस या कूटबद्ध करण्याच्या पद्धतीचीच सुधारलेली आवृत्ती ठरली होती. १९९९ च्या शरदात डीसीएसएस नावाचा छोटासा प्रोग्राम इंटरनेटवर पसरला आणि सीएसएस उघडं पडलं. प्लेयर बाजारात यायच्या बेतात असताना सगळं थांबवून नवं कुलूप शोधावं लागलं. ते म्हणजे सीपीपीएम. आयबीएम, इंटेल, मात्सुशिता आणि तोशिबा या चौघांनी ते तयार केलं. त्यात क्रिप्टोमेरिया नावाचा ५६ बिट किल्लीचा सायफर (कूटबद्ध करण्याची गणिती रीत) आहे, प्रत्येक प्लेयरला स्वतःच्या किल्ल्या आहेत, आणि एखाद्या प्लेयरची किल्ली फुटली तर पुढच्या डिस्कवर तिला बाद करण्याची सोय आहे.

एसएसीडीच्या तुलनेत एक फट मात्र राहिली. डीव्हीडी-ऑडिओ साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचली जाते आणि ती वाजवणारी सॉफ्टवेअर कॉम्प्युटरसाठी अधिकृतपणे विकली गेली. कॉम्प्युटरवर वाजवायचं तर आवाज कधीतरी उलगडून मेमरीत यावा लागतोच. २००५ मध्ये नेमक्या त्याच ठिकाणी हात घालणारी साधनं आली. सायफरला धक्का न लावता, अधिकृत प्लेयर जो उलगडलेला पीसीएम साउंडकार्डकडे पाठवत होता तोच फाइलमध्ये वळवला गेला. नंतर प्लेयरची गरजच न ठेवणारी साधनंही निघाली.

लहान कंपन्यांनी काढलेल्या कित्येक डीव्हीडी-ऑडिओवर कूटबद्धता मुळीच नसते. म्हणून आधी डिस्क तशीच कॉपी करून वाजवून पाहा. अनेकदा काम तिथेच होतं.

डिस्क उघडल्यावर 'ऑडिओ टीएस' आणि 'व्हिडिओ टीएस' असे दोन फोल्डर दिसतात. कोणता घ्यायचा?

'ऑडिओ टीएस'. खरा हाय-रिझोल्यूशन आवाज त्यातल्या एओबी फाइलमध्ये असतो. 'व्हिडिओ टीएस' ठेवला गेला तो साध्या डीव्हीडी प्लेयरवरही डिस्क वाजावी म्हणून, आणि त्यात बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस, म्हणजे काटछाट केलेला आवाज असतो. डीव्हीडी चित्रपट कॉपी करणारी नेहमीची साधनं 'व्हिडिओ टीएस'च उचलतात. सहा स्पीकरमधून आवाज येतो, ऐकायला छान वाटतो, आणि माणूस निश्चिंत होतो. फाइलचा आकार पाहा, म्हणजे कळेल: २४ बिट ९६ किलोहर्ट्झचा न दाबलेला स्टीरिओ मिनिटाला सुमारे ३४.५ मेगाबाइट घेतो, तर डॉल्बी डिजिटल पूर्ण सहा चॅनेलसकट साधारण सव्वातीन.

एओबीमधला मल्टिचॅनेल आवाज बहुधा एमएलपी पद्धतीने दाबलेला असतो. ही पद्धत मेरिडियनची, आणि तिच्यात काहीही गमावलं जात नाही. तिची गरज का पडली हे गणितातच दिसतं. सहा चॅनेल, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १३.८ मेगाबिट, आणि डीव्हीडी-ऑडिओची मर्यादा ९.६. दाबल्याशिवाय ते मावलंच नसतं. प्रत काढताना एमएलपी उलगडून फ्लॅकमध्ये (काहीही न गमावता दाबणारा खुला फाइल-प्रकार) ठेवलं तर एक बिटही बदलत नाही.

वॉटरमार्क म्हणजे काय? तो काढता येतो का?

वॉटरमार्क ही आवाजातच मिसळलेली खूण असते. अनेक डीव्हीडी-ऑडिओवर व्हेरान्स कंपनीचा वॉटरमार्क आहे. कूटबद्धता काढली, अॅनालॉगमधून रेकॉर्ड केलं, तरी तो टिकतो. त्यासाठीच तो बनवलेला होता.

याच पिढीतल्या वॉटरमार्कबद्दलचा एक प्रसंग माहीत असायला हवा. २००० च्या सप्टेंबरमध्ये एसडीएमआय या उद्योगसमूहाने आपले वॉटरमार्क काढून दाखवा असं जाहीर आव्हान दिलं. प्रिन्स्टन विद्यापीठाचे एडवर्ड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पेललं. २००१ मध्ये ते आपला शोधनिबंध वाचणार म्हटल्यावर त्यांना कायदेशीर कारवाईचा इशारा देणारं पत्र आलं. निबंध तेव्हा मागे घ्यावा लागला आणि त्याच ऑगस्टमध्ये दुसऱ्या परिषदेत वाचला गेला. कुलपाचा अभ्यास करणाऱ्याला गप्प बसवायचं, ही त्या काळची वृत्ती होती आणि तिने संगीताचं काहीही भलं केलं नाही.

तुमच्या खासगी प्रतीत वॉटरमार्क राहिला तर राहू द्या. फाइल वाजवण्यात त्याचा अडथळा येत नाही. तो काढायला जाल तर आवाजाला हात लागेल, आणि आपल्याला तर आवाज जसाच्या तसा हवा आहे.

ब्लू-रे ऑडिओची काय परिस्थिती आहे?

तिथे चित्रपटांच्या ब्लू-रेवरचंच एएसीएस संरक्षण असतं. २००७ मध्ये त्याची एक किल्ली इंटरनेटवर सर्वत्र झळकली. नंतर किल्ल्या बदलत गेल्या आणि त्यांच्या मागोमाग साधनंही येत गेली. आवाज पीसीएम, डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या रूपात असतो, आणि तिन्ही काहीही न गमावता फ्लॅकमध्ये नेता येतात. डॉल्बी अॅटमॉस असेल तर मात्र मूळ ट्रूएचडी प्रवाह तसाच ठेवा. फ्लॅकमध्ये नेलं की उंचीच्या स्पीकरची माहिती गळून पडते.

प्लेयरच्या ऑप्टिकल आउटपुटवरून थेट रेकॉर्ड केलं तर?

एसएसीडीच्या बाबतीत वर सांगितलं तसं, तिथून फक्त सीडीचा थर मिळतो. संरक्षित डीव्हीडी-ऑडिओला तिथे १६ बिट ४८ किलोहर्ट्झपर्यंतच परवानगी असते, म्हणून प्लेयर आवाज आधी उतरवतो आणि मग बाहेर सोडतो. कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झला लावलं तरी आत येणारा आवाज ४८ चाच राहतो.

अॅनालॉग आउटपुटवरून रेकॉर्ड करणं म्हणजे तडजोड नाही का?

बिटच्या हिशोबाने तडजोड आहे. कानाच्या हिशोबाने फारच थोडी. या मार्गाला जेवढा मान मिळायला हवा तेवढा मिळत नाही असं मला वाटतं. यात कुठलीही कूटबद्धता तोडावी लागत नाही, कुठलंही विशिष्ट यंत्र शोधावं लागत नाही. आणि आज मध्यम प्रतीच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये बसलेला एडीसी, म्हणजे अॅनालॉग आवाज डिजिटल करणारा भाग, एसएसीडी आली त्या काळच्या कित्येक व्यावसायिक यंत्रांपेक्षा सरस असतो.

काळजी घ्यायची ती पातळीची. प्लेयरच्या आरसीए सॉकेटमधून कमाल साधारण २ व्होल्ट येतात. इंटरफेसच्या माइकच्या नव्हे, लाइनच्या इनपुटला जोडा. डिस्कवरचा सगळ्यात जोरकस भाग आधी वाजवा आणि मीटरचं शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास थांबेल असा गेन लावा. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, त्यामुळे शून्याला टेकवायचा हट्ट करू नका. एकदा शिखर कापलं गेलं की ते परत येत नाही. गेन लावून झाला की डिस्क थांबवून नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि ती मोठ्याने ऐका. मुख्य वीजपुरवठ्याची ५० किंवा ६० हर्ट्झची घरघर ऐकू आली तर प्लेयर आणि कॉम्प्युटर एकाच पॉवर स्ट्रिपवर घ्या, किंवा लॅपटॉप बॅटरीवर चालवा. बहुतेक वेळा तेवढ्याने घरघर जाते. ९६ किलोहर्ट्झ पुरेसे आहेत.

मल्टिचॅनेलसाठी सहा इनपुट एकाच घड्याळावर चालणारे हवेत. दोन-दोन चॅनेल तीन वेळा रेकॉर्ड करून नंतर जुळवत बसू नका. ते हळूहळू सरकतात आणि मिश्रण बिघडतं.

आयएसओ, डीएफएफ, डीएसएफ, फ्लॅक. ठेवायचं कोणतं?

एसएसीडीची पूर्ण प्रत निघाली की ती एक आयएसओ फाइल असते: स्टीरिओ, मल्टिचॅनेल आणि ट्रॅकची नावं यांसकट. ती मूळ प्रत म्हणून जपा. ऐकण्यासाठी तिच्यातून वेगळ्या फाइल काढा.

डीएसएफ सोनीचा, डीएफएफ फिलिप्सचा. डीएसएफमध्ये कलाकार, अल्बम, चित्र अशी टॅग नीट बसतात, म्हणून रोजच्या वापराला तो बरा. डीएफएफमध्ये डीएसटीने दाबलेला आवाज तसाच ठेवता येतो, डीएसएफमध्ये तो उलगडूनच ठेवावा लागतो. डीएसटी म्हणजे एसएसीडीवरची काहीही न गमावणारी दाबण्याची पद्धत. तिच्याशिवाय मल्टिचॅनेल एसएसीडी शक्यच नव्हती: उलगडलेला डीएसडी स्टीरिओ तासाला सुमारे २.५ गिगाबाइट घेतो, सहा चॅनेल ७.६ गिगाबाइट, आणि डिस्कची जागा एकूण ४.७ गिगाबाइट.

तुमची यंत्रणा डीएसडी वाजवत नसेल तर २४ बिट ८८.२ किलोहर्ट्झचा फ्लॅक करा. ८८.२ आणि १७६.४ या दरांनी डीएसडीचा दर नेमका भागला जातो. ९६ किंवा १९२ करण्यात फायदा काहीच नाही.

फ्लॅक केल्यावर आवाज हळू येतो. काही चुकलं का?

चुकलं काही नाही. एसएसीडीच्या निकषांत शून्य डेसिबलची पातळी डीएसडीच्या निम्म्या क्षमतेवर ठरवलेली आहे, म्हणून पीसीएममध्ये आणल्यावर आवाज सुमारे ६ डेसिबलने खाली दिसतो. रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममध्ये ६ डेसिबल वाढवण्याची सोय असते, पण ती डोळे मिटून वापरू नका. निकषांनुसार शिखरं त्या शून्याच्या वर ३.१ डेसिबलपर्यंत जाऊ शकतात, आणि काही डिस्कवर ती खरंच जातात. तिथे पूर्ण ६ वाढवले की शिखरं कापली जातात. आधी न वाढवता रूपांतर करा, पूर्ण अल्बमचं सर्वांत मोठं शिखर पाहा आणि तेवढी जागा ठेवून सगळ्या ट्रॅकना सारखाच गेन द्या. प्रत्येक ट्रॅकला वेगळा गेन दिला तर हळू आवाजातली रचना आणि जोरकस रचना यांच्यातलं अंतर पुसलं जातं.

सलग वाजणाऱ्या मैफलीत ट्रॅक बदलताना बारीक 'टक' ऐकू येतं.

ते डीएसएफच्या रचनेमुळे. त्यात प्रत्येक चॅनेलचा डेटा ४०९६ बाइटच्या ठोकळ्यांत ठेवतात. शेवटचा ठोकळा अर्धवट असेल तर उरलेली जागा भरून काढावी लागते, आणि एक ठोकळा म्हणजे सुमारे ११.६ मिलिसेकंद. टाळ्यांच्या कडकडाटात किंवा लांबलेल्या स्वरात एवढी भर कानाला टोचते. अल्बम एकाच सलग फाइलमध्ये काढा, किंवा उरलेला भाग पुढच्या ट्रॅकला जोडणारा पर्याय निवडा. बहुतेक साधनांत तो आता असतो.

प्रत खरोखर हाय-रिझोल्यूशन आहे हे कसं तपासायचं?

स्पेक्ट्रोग्राम काढा. फुकट मिळणाऱ्या कुठल्याही ऑडिओ एडिटरमध्ये तो दिसतो: डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर वारंवारता, आणि रंग म्हणजे आवाजाची तीव्रता.

चुकून सीडीचा थर उतरला असेल तर २२ किलोहर्ट्झच्या रेषेवर सगळं सुरीने कापल्यासारखं थांबतं आणि वर निव्वळ काळोख. खऱ्या डीएसडीत याच्या उलट चित्र दिसतं. वाद्यांचे स्वर वर जाता जाता विरळ होतात, आणि साधारण २० ते २५ किलोहर्ट्झनंतर एक धुकं सुरू होऊन वर दाट होत जातं. संगीत थांबलं तरी ते धुकं तसंच असतं. घाबरू नका, तो डीएसडीचा अंगभूत गोंगाट आहे. एक-बिटी पद्धतीत गोंगाट ऐकू येणाऱ्या पट्ट्यातून उचलून वर सारलेला असतो.

कधी तिसरंच चित्र दिसतं: २२ किंवा २४ किलोहर्ट्झवर स्वरांची सरळ कड, आणि तिच्या वर डीएसडीचं धुकं. प्रत बरोबर आहे, डिस्कही खरी आहे. मूळ ध्वनिमुद्रणच ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झला झालेलं होतं आणि नंतर ते डीएसडीत नेलं गेलं. अशा डिस्क कमी नाहीत, आणि वेष्टनावर ही गोष्ट क्वचितच छापलेली असते.

पण हा फरक माणसाच्या कानाला कळतो का?

२००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरन यांचा प्रयोग आला. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा आवाज थेट, आणि तोच आवाज १६ बिट ४४.१ मधून फिरवून, अशी तुलना त्यांनी साडेपाचशेहून जास्त चाचण्यांत केली. ओळखण्याचं प्रमाण नाणं उडवण्याइतकंच आलं. नंतरच्या काही विश्लेषणांत फरक लहानसा पण खरा असल्याचं दिसलं. वाद चालू आहे.

मेयर-मोरन यांनी त्याच लेखात आणखी एक गोष्ट नोंदवली होती आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते: या डिस्क नेहमीच्या सीडींपेक्षा बहुतेक वेळा चांगल्या वाजत होत्या, कारण त्यांचं मास्टरिंग, म्हणजे छापण्याआधी आवाजाला दिलेला शेवटचा हात, जास्त काळजीने झालं होतं. आवाज ठासून मोठा करण्याची सक्ती तिथे नव्हती.

हल्ली हाय-रिझोल्यूशन डाउनलोड मिळतात. मग एवढा खटाटोप कशाला?

त्याचं उत्तर वरच्या प्रश्नातच आहे. डाउनलोडवर '२४ बिट ९६' लिहिलेलं असलं तरी ते मास्टर वेगळं असू शकतं, अनेकदा जास्त ठासलेलं. २००० ते २००७ च्या दरम्यान कित्येक अल्बमचे खास मल्टिचॅनेल मिक्स तयार झाले, त्यासाठी मूळ मल्टिट्रॅक टेप बाहेर काढल्या गेल्या, आणि ते मिक्स एका डीव्हीडी-ऑडिओवर किंवा एसएसीडीवर आले ते पुन्हा कुठेच नाही. ती डिस्क आज छापली जात नाही. डीव्हीडी-ऑडिओ वाजवणारे नवे प्लेयर मोजकेच उरलेत. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेयर बनवणं थांबवलं. तुमच्या शेल्फवरची डिस्क त्या कामाच्या थोड्या उरलेल्या प्रतींपैकी एक असू शकते.

तुम्हाला हवा तोच मिक्स, तेच मास्टर रीतसर विकत मिळत असेल तर विकत घ्या. वेळ वाचतो आणि कलाकारालाही काही मिळतं.

हे कायदेशीर आहे का?

देशानुसार उत्तर बदलतं, आणि 'डिस्क माझी आहे' एवढ्याने ते सुटत नाही. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यानुसार प्रवेशावरचं तांत्रिक संरक्षण ओलांडणं हाच स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो, मग प्रत खासगी का असेना. तिथे दर तीन वर्षांनी अपवाद ठरवले जातात, पण खासगी प्रतीसाठीची मागणी वारंवार फेटाळली गेली आहे. युरोपात २००१ च्या निर्देशानंतर अनेक देशांत खासगी प्रतीला मुभा आहे, मात्र संरक्षण मोडायला नाही. ब्रिटनने २०१४ मध्ये खासगी प्रतीला परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने ती रद्द केली. जपानने २०१२ पासून घरच्या वापरासाठीही डीव्हीडीचं कुलूप उघडण्यावर बंदी आणली. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ मध्ये हेतूची अट आहे: कॉपीराइटमधले हक्क भंग करण्याच्या उद्देशाने संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

आपल्या देशातला कायदा स्वतः वाचा, शंका असेल तर वकिलाला विचारा. अॅनालॉग रेकॉर्डिंगचा मार्ग मी आधी सुचवतो त्याचं एक कारण हेही आहे.

प्रत काढून झाल्यावर डिस्क विकली तर?

मग प्रत पुसून टाका. डिस्क गेली की तिच्यासोबत प्रतीचा आधारही गेला. आणि प्रती मित्रमंडळींत वाटणं किंवा नेटवर चढवणं याला मी कुठल्याही युक्तिवादाने पाठिंबा देणार नाही. अशा डिस्क काढणाऱ्या कंपन्यांतल्या बऱ्याच आता अगदी लहान आहेत. काही हजार प्रतींवर त्यांचा सगळा हिशोब असतो.

साध्या सीडीवरही कॉपी-संरक्षण असायचं ना?

काही वर्षं होतं, आणि त्याचा शेवट वाईट झाला. सीडीच्या मूळ निकषांत संरक्षणच नाही, म्हणून कंपन्यांनी डिस्कमध्ये मुद्दाम दोष घातले किंवा कॉम्प्युटरवर गुपचूप सॉफ्टवेअर चढवलं. अशा डिस्क निकषांत बसत नसल्यामुळे त्यांच्यावर सीडीचं बोधचिन्ह छापता येणार नाही, असं फिलिप्सने बजावलं. २००३ मध्ये एक संरक्षण डिस्क घालताना शिफ्टची कळ दाबून धरली की निष्प्रभ होतं हे प्रिन्स्टनच्या एका विद्यार्थ्याने दाखवलं. २००५ च्या ऑक्टोबरअखेर सोनी बीएमजीच्या डिस्क कॉम्प्युटरमध्ये रूटकिट, म्हणजे स्वतःला लपवून ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवतात हे मार्क रुसिनोविच यांनी उघड केलं. कंपनीला डिस्क परत घ्याव्या लागल्या, खटले झाले. अशी एखादी जुनी डिस्क तुमच्याकडे असेल तर ऑटोरन (डिस्क घालताच तिच्यावरचा प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची सोय) बंद करूनच ती कॉम्प्युटरमध्ये घाला.

प्रत काढताना डिस्क मध्येच अडकते.

मऊ, स्वच्छ, किंचित ओलसर कापडाने मधल्या छिद्रापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून पुसू नका, कारण ट्रॅकच्या दिशेने पडलेला ओरखडा दुरुस्ती-कोडला सगळ्यात जड जातो. तरीही अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. एका ड्राइव्हला न जमलेली डिस्क दुसऱ्याला सहज जमते, हा नेहमीचा अनुभव आहे.

प्रत पूर्ण झाली की तिचा चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारा पडताळणीचा आकडा) काढून फाइलशेजारीच ठेवा, दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि वर्षातून एकदा दोन्ही चेकसम ताडून पाहा. मूळ डिस्क उभी, सावलीत आणि कोरड्या जागी ठेवा.